तीन वर्षांचे बांधकाम, चौदा वर्षांची मनधरणी: रोप्पोंगी हिल्सच्या पायाखालचा इतिहास

१/
टोकियोच्या मिनातो विभागात रोप्पोंगी नावाची वस्ती आहे. तिथल्या उंचवट्यावर ५४ मजल्यांचा, २३८ मीटर उंचीचा मोरी टॉवर उभा आहे. त्याच्या भोवती सुमारे ११ हेक्टर जागेत सदनिकांचे मनोरे, हॉटेल, चित्रपटगृहे, दूरचित्रवाणी वाहिनीचे मुख्यालय, दुकाने आणि एक जुन्या वळणाची बाग आहे. या सगळ्याला मिळून रोप्पोंगी हिल्स म्हणतात. २५ एप्रिल २००३ रोजी हे संकुल लोकांसाठी खुले झाले. त्याचे बांधकाम तीन वर्षांत उरकले. त्याआधीची चौदा वर्षे मात्र जमिनीवर हक्क असलेल्या सुमारे ४०० जणांची संमती मिळवण्यात गेली. हा धागा त्या चौदा वर्षांचा, त्यांच्या आधीचा आणि नंतरचा आहे.

२/
आज इथे येणारा प्रवासी बहुधा हिबिया मार्गिकेच्या भुयारी स्थानकातून बाहेर पडतो. ‘मेट्रो हॅट’ नावाच्या काचेच्या गोलाकार इमारतीतले सरकते जिने त्याला वरच्या चौकात आणून सोडतात. समोर सुमारे दहा मीटर उंचीची कोळीण उभी असते. लुईझ बुर्ज्वा या शिल्पकर्तीचे हे ‘मामान’. तिच्या पोटाशी संगमरवरी अंडी आहेत. बुर्ज्वाची आई जुने विणीव पडदे दुरुस्त करण्याचे काम करी आणि तिच्या स्मरणातून हे शिल्प घडले. लोक या कोळिणीच्या पायांत भेटण्याच्या वेळा ठरवतात. आपण एखाद्या डोंगरमाथ्यावर उभे आहोत असे इथे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या चौकाखाली पूर्वी उतार होता आणि उताराच्या तळाशी एक वस्ती होती.

३/
त्या सखल भागाचे जुने नाव हिगाकुबो. ‘कुबो’ म्हणजे खोलगट जागा. १६५० मध्ये मोऊरी घराण्यातील हिदेमोतो या सरदाराने इथे आपला वाडा बांधला. पश्चिम जपानमधल्या चोफू जहागिरीचे हे घराणे. तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत प्रत्येक सरदाराला ठरावीक काळ राजधानी एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, राहावे लागे. त्यामुळे शहराचा मोठा भाग अशा वाड्यांनी व्यापलेला होता. इथे एक खुलासा आवश्यक आहे. हे सरदार घराणे ‘मोऊरी’ आणि मनोरा बांधणारी कंपनी ‘मोरी’. दोन्ही नावे वेगळ्या अक्षरांनी लिहिली जातात. जपानी भाषेत ‘मोरी’ या शब्दाचा अर्थ वनराई असा आहे.

४/
या वाड्याच्या वाट्याला जपानी इतिहासातील एक प्रसिद्ध शोकांतिका आली. आपल्या मृत धन्याच्या अपमानाचा सूड घेणाऱ्या आको जहागिरीच्या निराधार सामुराईंची कथा जगभर ‘सत्तेचाळीस रोनिन’ म्हणून ओळखली जाते. शत्रूचा शिरच्छेद केल्यानंतर शोगुनाच्या शासनाने त्यांपैकी ४६ जणांना चार सरदारांच्या वाड्यांत नजरकैदेत ठेवले. मोऊरींच्या वाट्याला दहा जण आले. मार्च १७०३ मध्ये त्यांना सेप्पुकूची, म्हणजे स्वहस्ते पोट चिरून मरण्याची, शिक्षा झाली आणि या दहा जणांनी याच वाड्याच्या आवारात देह ठेवला. आज जिथे सहली येतात आणि छायाचित्रे काढली जातात, ती ही जागा.

५/
पुढे १८४९ मध्ये याच वाड्यात चोफूच्या एका सामुराईच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव नोगी मारेसुके. रशियाविरुद्धच्या युद्धात पोर्ट आर्थर जिंकणारा हा सेनापती १९१२ मध्ये सम्राट मेइजी यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी पत्नीसह आत्मबलिदान करून गेला. त्याचे नाव जवळच्या नोगीझाका या चढाला आणि तिथल्या स्थानकाला मिळाले आहे. मेइजी काळात सरदारांच्या जहागिरी बुडाल्या आणि वाडे विकले गेले. १८८७ मध्ये ही जागा मासुजिमा रोकुइचिरो या वकिलाकडे आली. आजच्या चूओ विद्यापीठाची मूळ विधिशाळा स्थापन करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

६/
दुसऱ्या महायुद्धानंतर मालक पुन्हा बदलला. १९५२ मध्ये निक्का या मद्य कंपनीने ही जागा घेऊन इथे कारखाना उभारला. सरदाराच्या बागेतले तळे टिकून होते. लोक त्याला आता ‘निक्काचे तळे’ म्हणू लागले. १९७७ मध्ये जागा आसाही दूरचित्रवाणीकडे गेली. तीनशे सव्वातीनशे वर्षांत वाडा, वकिलाचे घर, मद्याचा कारखाना आणि दूरचित्रवाणी केंद्र अशी चार रूपे या एका भूखंडाने पाहिली. तरीही तो अखंड राहिला. म्हणूनच पुढे तो मोठ्या बांधकामाचा गाभा ठरू शकला. त्याला लागून असलेल्या खोलगट वस्तीची गोष्ट मात्र निराळी होती.

७/
त्या वस्तीत लाकडी घरांची दाटी होती. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की आगीचा बंब आत शिरू शकत नसे. वरचा रस्ता आणि वस्तीचा तळ यांच्या उंचीत सुमारे पाच मजल्यांचा फरक होता. लहान दुकाने, सार्वजनिक गृहनिर्माण महामंडळाच्या जुन्या इमारती आणि सोनेरी माशांचा व्यापार करणारे दुकानदार असा तिथला संसार होता. १९२३ च्या भूकंपात झालेले टोकियोचे बहुतेक मृत्यू आगीने झाले होते आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यांत तेच पुन्हा घडले. अशा शहरात बंब न जाणारी गल्ली ही केवळ गैरसोय मानली जात नाही. पुनर्विकासाच्या बाजूने मांडला गेलेला हा सर्वांत बळकट युक्तिवाद होता.

८/
आता मोरी कुटुंबाकडे वळू. ताइकिचिरो मोरी (१९०४–१९९३) हे योकोहामा सिटी विद्यापीठातले प्राध्यापक. तोरानोमोन भागात घराण्याच्या काही जागा होत्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तिथे कार्यालयांच्या इमारती बांधायला सुरुवात केली आणि पुढे अध्यापन सोडले. इमारतींना त्यांनी नावांऐवजी क्रमांक दिले. पहिली मोरी इमारत, दुसरी मोरी इमारत अशी ही माळ पुढे लांबत गेली. जपानमध्ये जमिनीच्या किमती कळसाला पोहोचल्या, त्या सुमारास १९९१ आणि १९९२ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांना जगातील सर्वांत श्रीमंत माणूस ठरवले.

९/
त्यांचा मुलगा मिनोरू (१९३४–२०१२) तरुणपणी कादंबरीकार होऊ पाहत होता. व्यवसायात आल्यावर त्याच्यावर फ्रान्समधील वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या विचारांचा पगडा बसला. त्यांची चित्रे आणि रेखाटने त्याने पुढे मोठ्या प्रमाणात संग्रहित केली. मिनोरू मोरींचे म्हणणे असे होते की टोकियो आडवे पसरत गेले, म्हणून माणसाचे आयुष्य आगगाडीत सरते. घर, कार्यालय, बाजार, संग्रहालय आणि बाग एकावर एक रचली, तर जमीन मोकळी होईल आणि दिवसातले तासही. या कल्पनेला त्यांनी ‘उभे उद्याननगर’ म्हटले. मात्र त्यासाठी सलग मोठी जमीन हवी होती, आणि टोकियोत तीच नव्हती.

१०/
जमीन इतकी तुकड्यांत का होती, हे समजल्याशिवाय चौदा वर्षांचा हिशेब लागत नाही. जपानी कायद्यात जमीन आणि तिच्यावरचे घर या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत. त्यामुळे एकाच तुकड्यावर तीन माणसांचा हक्क असू शकतो: जमिनीचा मालक, ती भाडेपट्ट्याने घेऊन वर घर बांधणारा आणि त्या घरात भाड्याने राहणारा. १९२१ च्या कायद्यांनी आणि १९४१ च्या दुरुस्तीने पट्टेदार व भाडेकरू यांना भक्कम संरक्षण दिले. सबळ कारणाशिवाय मालक त्यांना उठवू शकत नसे. मुंबईतल्या पागडीच्या घरांचा गुंता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना लगेच उमगेल. त्यात वारसांमध्ये वाटण्या होत राहिल्या आणि तुकड्यांचेही तुकडे झाले.

११/
यावर १९६९ च्या नागरी पुनर्विकास कायद्याने एक मार्ग काढला. त्याला जपानीत ‘केनरी हेनकान’ म्हणतात. त्याचा अर्थ हक्कांचे रूपांतर. ठरलेल्या क्षेत्रातील जमीनमालक आणि पट्टेदार मिळून एक संघ स्थापन करतात. प्रत्येकाच्या जुन्या हक्काचे मूल्य ठरवले जाते. मग सगळ्या सीमारेषा पुसून जमीन एक होते, नवी इमारत उभी राहते आणि ज्याच्या त्याच्या मूल्याएवढी जागा त्या इमारतीत त्याला मिळते. जमिनीत त्याचा हिस्सा उरतो, पण अविभक्त. म्हणजे कागदावर तो मालकच असतो. फक्त ‘माझी जमीन इथून तिथपर्यंत’ असे बोट दाखवून सांगता येत नाही.

१२/
बांधकामाचा पैसा कुठून येतो, यात या पद्धतीची खरी किल्ली आहे. समजा, शंभर कुटुंबांची बैठी घरे आहेत. उंच इमारतीत त्या सर्वांना जागा देऊनही बरेच मजले शिल्लक राहतात. हे राखीव मजले विकून किंवा विकासकाकडे सोपवून खर्च भागवला जातो. मोकळ्या जागा, रस्ते आणि बागा सोडल्या की शासन अधिक चटईक्षेत्र देते आणि शिल्लक मजले वाढतात. म्हणून संकुल जितके उंच, तितका हिशेब सुटसुटीत. जुन्या रहिवाशाला रोख पैसे न भरता नवे घर मिळते आणि त्याबदल्यात त्याच्या डोक्यावर दुसऱ्यांचे मजले चढतात. ज्याला हे नको असेल, तो मोबदला घेऊन जाऊ शकतो.

१३/
आणि ज्याला घर सोडायचेही नसेल व बदलायचेही नसेल, त्याचे काय? कायद्यानुसार संघ स्थापन होण्यासाठी जमीनमालक आणि पट्टेदार या दोन्ही गटांतील प्रत्येकी दोन तृतीयांश संमती लागते. एकदा संघाला मान्यता मिळाली की उरलेले एक तृतीयांशही आपोआप त्याचे सभासद होतात. त्यांच्या नकाराला मग अडवण्याची ताकद उरत नाही. म्हणजे कायदा बहुमताला अल्पमताच्या घरावर निर्णय घेण्याचा अधिकार देतो. बंब न जाणाऱ्या गल्लीत शेजाऱ्याच्या नकारामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला राहू नये, अशी त्यामागची भूमिका. पण ज्याच्या अंगणातून रेषा पुसली जाते, त्याला हे गणित पटेलच असे नाही.

१४/
मिनोरू मोरींनी या कायद्याची पहिली मोठी परीक्षा शेजारीच दिली होती. आकासाका आणि रोप्पोंगी यांच्या सीमेवरील आर्क हिल्स हे संकुल १९८६ मध्ये पूर्ण झाले. खासगी कंपनीने हाती घेतलेला टोकियोतील हा पहिला एवढा मोठा पुनर्विकास. त्यालाही जवळजवळ दोन दशके लागली. स्थानिकांचा विरोध तीव्र होता. कंपनीने परिसराचे वार्तापत्र काढले आणि तिचे कर्मचारी ते स्वतः घरोघर नेऊन देत. बहुतेक ठिकाणी दार उघडत नसे. याच संकुलात १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये सनटोरी हॉल सुरू झाला आणि आसाही दूरचित्रवाणीचे मुख्यालयही तिथे हलले. त्यामुळे रोप्पोंगीचा मोठा भूखंड पुनर्विकासासाठी मोकळा होण्याची वाट तयार झाली.

१५/
रोप्पोंगीचे घटनाक्रम असे. १९८६: टोकियो महानगर शासनाने हा भाग पुनर्विकासाला प्रोत्साहन द्यावयाचे क्षेत्र म्हणून निश्चित केला. १९९०: रहिवाशांचा तयारी संघ. १९९५: नगररचनेचा औपचारिक निर्णय. १९९८: पुनर्विकास संघाला मान्यता. २०००: हक्क-रूपांतराचा आराखडा मंजूर, एप्रिलमध्ये बांधकामाला सुरुवात. २००३: उद्घाटन. यादी नीटनेटकी दिसते. पण तिच्यात १९८६ ते १९९० आणि १९९० ते १९९५ अशी लांबलचक अंतरे आहेत. त्या काळात अभ्यासवर्ग, बैठका आणि उंबरठ्यावरच्या भेटी यांपलीकडे कागदावर नोंदवण्यासारखे फारसे काही घडत नव्हते.

१६/
याच अंतरात जपानची अर्थव्यवस्था कोसळली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीचे भाव इतके फुगले होते की दलाल गुंड लावून लोकांना घरे सोडायला भाग पाडत. या धंद्याला ‘जिआगे’ असे नावच पडले होते. १९९१ नंतर फुगा फुटला आणि भाव वर्षानुवर्षे घसरत राहिले. बैठकीत पहिल्या वर्षी सांगितलेले मूल्य काही वर्षांनी खोटे ठरू लागले. अनेक विकासकांनी प्रकल्प सोडले. रोप्पोंगीचा संघ टिकला, त्याचे एक कारण पद्धतीतच होते. इथे जमीन विकत घेऊन नंतर बांधायचे नव्हते. हक्कधारकच भागीदार होते आणि भाव पडले तरी त्यांचा एकमेकांशी असलेला वाटा बराचसा तसाच राहत होता.

१७/
एप्रिल २००० नंतर वस्ती पाडली गेली. खोलगट भागात भर घालून आणि थर रचून उंचीतला फरक वापरून घेण्यात आला. म्हणून आज या संकुलात आपण नेमके कितव्या मजल्यावर आहोत, हे प्रवाशाला पटकन कळत नाही. मोरी टॉवरची रचना अमेरिकेतील कोन पेडरसन फॉक्स या संस्थेची, बाजारपेठेच्या वळणावळणाच्या वाटा जॉन जर्डी यांच्या संस्थेच्या आणि आसाही दूरचित्रवाणीची वक्राकार काचेची इमारत फुमिहिको माकी यांची. दक्षिणेला सुमारे ४०० मीटर लांबीचा केयाकिझाका हा नवा रस्ता काढला गेला. त्याच्या दुतर्फा केयाकीची झाडे आहेत. त्यांच्या हिवाळी रोषणाईसाठी गर्दी लोटते.

१८/
सर्वांत वरच्या मजल्यांना सर्वांत जास्त भाडे येते, हे कोणत्याही इमारतमालकाला ठाऊक असते. मोरींनी ते मजले कार्यालयांना दिले नाहीत. ५२ व्या मजल्यावर शहर पाहण्याचा सज्जा आणि ५३ व्या मजल्यावर समकालीन कलेचे संग्रहालय आले. ऑक्टोबर २००३ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले तेव्हा त्याचे संचालक डेव्हिड एलियट हे ब्रिटिश गृहस्थ होते. कामावरून सुटलेल्या माणसालाही चित्रे पाहता यावीत, म्हणून ते रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवले गेले. रोप्पोंगीची ओळख तोवर मद्यालयांची आणि रात्रीच्या जीवनाची होती. युद्धानंतर जवळच अमेरिकी लष्कराची छावणी होती, तिथून ती सुरू झाली. त्या ओळखीला आता दुसरी जोड मिळाली.

१९/
संकुल उघडून वर्ष होण्याच्या आतच त्याच्यावर गडद सावली पडली. २६ मार्च २००४ रोजी मोरी टॉवरच्या स्वयंचलित फिरत्या दारात अडकून सहा वर्षांचा एक मुलगा मृत्युमुखी पडला. त्याआधीही या दारांत लोक अडकण्याच्या घटना घडल्या होत्या. अभियंते योतारो हातामुरा यांनी पुढे या दाराचा स्वतंत्र अभ्यास केला. युरोपात अशी दारे हलकी ठेवण्याची रीत होती, कारण हलके दार लवकर थांबते. जपानमध्ये येता येता त्यांचे वजन वाढत गेले आणि हे दार २.७ टनांपर्यंत पोहोचले होते. ‘हलके ठेवा’ हा नियम कशासाठी होता, याची स्मृती वाटेत हरवली होती. अपघातानंतर ती दारे काढली गेली आणि शासनाने देशभरासाठी सुरक्षा सूचना जारी केल्या.

२०/
दुसरे वादळ पैशाचे होते. इथे कार्यालये थाटून इथेच राहणाऱ्या तरुण उद्योजकांना वृत्तपत्रांनी ‘हिल्स-झोकू’, म्हणजे हिल्सची जमात, असे नाव दिले. जानेवारी २००६ मध्ये मोरी टॉवरमधील लाइव्हडोअर या कंपनीच्या कार्यालयावर सरकारी वकिलांनी छापा घातला आणि समभाग बाजार हादरला. २००८ मध्ये बुडालेल्या लेहमन ब्रदर्सचे जपानमधील कार्यालयही याच मनोऱ्यात होते. ‘हिल्स’ हा शब्द काही काळ झटपट श्रीमंतीचा आणि वाढत्या विषमतेचा पर्याय झाला. ज्या सखल गल्लीत माशांचे दुकान होते, तिथल्या नावाला हा अर्थ चिकटावा, हे जुन्या रहिवाशांना नक्कीच विचित्र वाटले असेल.

२१/
११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर मात्र या संकुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. फुकुशिमाची अणुभट्टी बंद पडल्याने टोकियोभोवती वीजटंचाई झाली. रोप्पोंगी हिल्सच्या तळघरात वायूवर चालणारे सुमारे ३८ हजार किलोवॉट क्षमतेचे स्वतःचे वीजकेंद्र आहे. तिथे दिवे चालू राहिले. इतकेच काय, १८ मार्चपासून या संकुलाने दिवसा ४००० आणि रात्री ३००० किलोवॉट वीज उलट टोकियो विद्युत कंपनीला पुरवली. इथे विहिरी आहेत आणि सुमारे एक लाख जेवणांचा साठा ठेवलेला असतो. आपत्तीत लोकांनी पळून जावे असे नव्हे, तर पळून येऊन आसरा घ्यावा असे शहर बांधायचे, हे मोरींचे जुने म्हणणे होते. गल्लीत बंब न जाण्याची जी भीती चौदा वर्षे बैठकांतून मांडली गेली, तिला हे उत्तर होते.

२२/
जुन्या वस्तीतले काय उरले? संघात राहिलेल्या अनेकांना सदनिका मिळाल्या. आज इथे सुमारे २००० लोक राहतात आणि सुमारे २०,००० काम करतात. म्हणजे एका रहिवाशामागे दहा नोकरदार. नव्या आणि जुन्या रहिवाशांनी मिळून स्वतःची परिसर समिती स्थापन केली. ती साफसफाईच्या फेऱ्या काढते आणि ऑगस्टमध्ये चौकात पूर्वजांच्या स्मरणाचा बोन नृत्योत्सव भरवते. केयाकिझाकावरील एका इमारतीच्या छतावर भाताचे छोटे खाचर आहे. मे महिन्यात मुले चिखलात उतरून लावणी करतात आणि शरदात कापणी. हे छत मुद्दाम जड केलेले आहे. भूकंपात मातीचे हे वजन इमारतीची हालचाल शमवायला मदत करते.

२३/
तरीही काही गोष्टी हिशेबात बसत नाहीत. स्वतःच्या बैठ्या घरात राहणाऱ्याला कधीही भिंत पाडता येते, अंगणात झाड लावता येते, दुकान पुढे घेता येते. मनोऱ्यातल्या सदनिकाधारकाला देखभालीचे शुल्क दरमहा भरावे लागते आणि नियमांना विचारून खिळा ठोकावा लागतो. भाडेकरूंची बाजू तर आणखी नाजूक होती. त्यांच्याकडे रूपांतरित करावा असा जमिनीचा हक्क नव्हता आणि नव्या परिसराची भाडी जुन्यासारखी राहणार नव्हती. बंब येईल इतके रुंद रस्ते मिळाले, ही सुरक्षितता खरीच. पण तिचा लाभ घ्यायला परिसरात टिकून राहणे प्रत्येकाला शक्य नव्हते. पुनर्विकासाचा इतिहास लिहिताना राहिलेल्यांची संख्या सापडते. गेलेल्यांचा माग काढणे अवघड असते.

२४/
रोप्पोंगी हिल्स पूर्ण होत असतानाच नियम सैल होऊ लागले होते. २००२ मध्ये पंतप्रधान कोइझुमी यांच्या शासनाने शहरांच्या पुनरुज्जीवनासाठी विशेष कायदा केला. निवडक क्षेत्रांत नेहमीचे बांधकाम निर्बंध शिथिल करण्याची आणि निर्णय लवकर देण्याची सोय त्यात होती. मंदीतून बाहेर पडण्यासाठी इमारती हव्यात, हा त्यामागचा विचार. त्यानंतर टोकियोत उंच संकुलांची रांग लागली. शासनाचे शिक्के लवकर मिळू लागले. शेजाऱ्यांचे मन मात्र कोणत्याही कायद्याने लवकर वळत नाही, हे पुढच्या प्रकल्पाने दाखवून दिले.

२५/
रोप्पोंगीच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर आझाबुदाई हिल्स आहे. तिथेही अरुंद गल्ल्या आणि जुनी घरे होती. १९८९ मध्ये रहिवाशांची चर्चा सुरू झाली आणि संकुल उघडले २४ नोव्हेंबर २०२३ रोजी. हक्कधारक सुमारे ३०० आणि वर्षे चौतीस. पहिल्या बैठकीला आलेल्या अनेकांची पुढची पिढी किल्ली घ्यायला आली असणार. क्षेत्र ८.१ हेक्टर, आणि मुख्य मनोरा सुमारे ३२५ मीटर उंच. उद्घाटनाच्या वेळी ती जपानमधील सर्वांत उंच इमारत होती. मिनोरू मोरी २०१२ मध्येच वारले होते. त्यांनी मागे ठेवलेल्या कंपनीने इथेही घरोघर जाण्याचाच मार्ग धरला.

२६/
रोप्पोंगी हिल्स पाहायला गेलेल्याने सज्ज्यावरून उतरल्यावर मोऊरी उद्यानात थोडा वेळ बसावे. तळ्यात मेदाका जातीचे छोटे मासे आहेत. १९९४ मध्ये कोलंबिया यानातून अवकाशात गेलेल्या माशांचे वंशज इथे सोडण्यात आले होते. दिसायला हे तळे पुराणे वाटते, पण ते २००३ चे आहे. सरदाराच्या बागेतले मूळ तळे त्याच्या खाली आहे. बांधकामाच्या वेळी ते उकरून टाकले नाही. संरक्षक आवरण घालून ते जसेच्या तसे पुरले आणि त्याच्यावर नवी बाग रचली. कधीकाळी हे संकुलही जुने होईल आणि पुन्हा कोणी घरोघर संमती मागत फिरेल. तेव्हा खणणाऱ्याला ते तळे सापडावे, एवढी सोय या पिढीने करून ठेवली आहे.

(धागा समाप्त)